आईला मेथोट्रेक्सेट सुरू करायचंय – रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या औषधांचे अनुभव हवेत

नेत्रा_मिरज

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, मिरजेला असते. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळत नाही, चहाचं पातेलं उतरवता येत नाही, पाटल्या मनगटावरून निघेनात म्हणून सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. नऊ-साडेनऊ वाजले की हात जरा सैल पडतात. सुरुवातीला वेदनाशामक गोळ्यांवर भागवलं. शेवटी रक्त तपासलं तर आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी-सीसीपी खूप वर (दोन्ही या आजाराच्या रक्तातल्या खुणा), ईएसआर (सूज दाखवणारा आकडा) ६२. संधिवाततज्ज्ञांनी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस सांगितला.

औषधं अशी दिलीत: मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० रोज, आणि सुरुवातीचे काही आठवडे प्रेडनिसोलोन.

मावशीने नेटवर वाचलं की मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध. काका म्हणतात, एका गावात एक जण पुड्या देतात, आठ दिवसांत माणूस पळायला लागतो. आई गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याशेजारी ठेवून बसली आहे, सुरू करत नाही. मला तिला घाबरवायचं नाही आणि फसवायचंही नाही. ज्यांनी ही औषधं घेतली आहेत त्यांनी कृपया खरंखुरं लिहा. दुष्परिणाम किती, फरक कधी पडतो, आणि ही जन्मभर घ्यावी लागतात का?

सह्यकडा

आमच्या आत्याला गुडघेदुखीवर एरंडतेल लावून खूप फरक पडला होता. करून बघायला हरकत नाही.

प्रतिभा_६८

सह्यकडा, आत्यांचे गुडघे बहुधा वयाने झिजलेले असणार. तो आजार निराळा. नेत्राच्या आईच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि कूर्चा व हाड कुरतडत जातं. दुखणं कमी झालं म्हणजे कुरतडणं थांबलं असं होत नाही. वेदनाशामकांनी दुखणं दबतं, आजार आतून चालूच राहतो.

नेत्रा, मला हा आजार पस्तिशीत झाला. मेथोट्रेक्सेट तेव्हापासून घेते आहे, मध्ये डोस कमी-जास्त झाला. मी शाळेत शिकवत होते, फळ्यावर लिहीत होते, निवृत्त होईपर्यंत एकही वर्ष बिनपगारी रजा काढली नाही. माझ्या मोठ्या जावेला हाच आजार माझ्याआधी झाला होता. घरच्यांनी तिला मेथोट्रेक्सेट घेऊ दिलं नाही, 'गरम पडेल' म्हणून. तिची बोटं करंगळीकडे वळली आहेत आणि ती आता पूर्ववत होणार नाहीत. आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात उभ्या असतो तेव्हा फरक दिसतो.

तुझ्या प्रश्नांना उत्तरं. फरक लगेच पडत नाही. सहा आठवड्यांनी थोडा, तीन महिन्यांनी स्पष्ट. तोवर स्टेरॉइडची छोटी मात्रा आधार देते, म्हणून ती दिली आहे. त्रास म्हणाल तर गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, अंग मोडून आल्यासारखं. तोंडात छाले येऊ शकतात. केस थोडे गळतात, माझे पहिल्या वर्षी गळले, मग थांबले.

आणि हो, वार ठरवून घ्या. माझा शनिवार आहे. मारुतीला तेल आणि मला गोळी, त्यामुळे विसरायचा प्रश्न येत नाही.

खिचडीप्रेमी

वाखूसा (वाचनखूण साठवली). बायकोच्या बहिणीला दाखवतो.

औषधवाला_नाशिक

प्रतिभाताईंनी वाराचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे, त्यात एक भर घालतो. माझं औषधांचं दुकान आहे.

मेथोट्रेक्सेटमध्ये सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे ते रोज घेतलं जाणं. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी एकदम कमी होऊन माणसं दगावली आहेत, जगभर. आपल्याकडे बाकी सगळ्या गोळ्या 'सकाळ-संध्याकाळ' असतात, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांचा हात सवयीने जातो. म्हणून तीन गोष्टी करा. पाकिटावर जाड पेनने वार लिहा. ही गोळी रोजच्या डबीत ठेवूच नका, वेगळ्या डबीत ठेवा. आणि दुकानातून आणताना मिलिग्रॅम वाचा: अडीच, पाच, साडेसात, दहा, पंधरा असे सगळे प्रकार मिळतात आणि पाकिटं दिसायला सारखी असतात. मागच्या महिन्यात अडीचच्या सहा गोळ्या घेत होतात आणि या वेळी पंधराची एकच मिळाली, तर सहा घ्यायच्या नाहीत! हसू नका, असं विचारायला लोक येतात आणि विचारतात हे उत्तम करतात.

दुसरं, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी किंवा जुलाबासाठी कुणी कोट्रायमॉक्सॅझोल लिहून दिलं तर आधी सांगायचं की मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही दोन औषधं एकत्र घेतली तर अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्तपेशी तयार होतात तिथे, परिणाम होतो.

लेस्टरकर

औषधवाला यांना अनुमोदन. इथे इंग्लंडमध्ये याच कारणासाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्या शक्यतो फक्त अडीच मिलिग्रॅमच्याच देतात, दहाच्या देत नाहीत. कोणत्या वारी घ्यायची ते चिठ्ठीवर आणि डबीवर लिहिलेलं असतं.

माझ्या पत्नीला हा आजार आहे. तिला गोळ्यांनी फार उमासे यायचे, अगदी गोळीचा रंग बघूनही. मग त्याच औषधाचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन दिलं. ती स्वतः पोटाला टोचून घेते. मळमळ जवळजवळ गेली आणि औषधही जास्त लागू पडलं. आईला पुढे त्रास झाला तर औषध बंद करण्याआधी हे विचारा.

सांधेमित्र

मी संधिवातशास्त्रात काम करतो. धाग्यावर कुणाचाही उपचार करता येत नाही, पण काकूंना दिलेली औषधं जगभरच्या मार्गदर्शक सूचनांना धरून आहेत एवढं नक्की सांगतो. अमेरिकन आणि युरोपियन संघटना दोन्ही सुरुवात मेथोट्रेक्सेटनेच करायला सांगतात.

मावशींच्या मुद्द्याचं उत्तर सरळ द्या: हो, हे कॅन्सरमध्येही वापरतात. पण हाडाच्या एका कॅन्सरमध्ये ते एका वेळी काही ग्रॅम इतकं शिरेतून देतात. काकूंना आठवड्याला १५ मिलिग्रॅम आहे. शेकडो पटींचा फरक. एवढ्या कमी मात्रेत ते पेशी मारण्यासाठी नाही, सूज वाढवणाऱ्या पेशींना शांत करण्यासाठी काम करतं.

सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे एवढं झालं आहे का बघा. नंतर पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, मग अंतर वाढवून साधारण तीन महिन्यांनी एकदा. ही तपासणी चुकवायची नाही. भीती दाखवून औषध टाळण्यापेक्षा तपासून घेणं कधीही बरं. फॉलिक अ‍ॅसिडने छाले आणि मळमळ कमी होते. ते बहुतेक जण मेथोट्रेक्सेटच्या दिवशी घेत नाहीत, बाकीच्या दिवशी डॉक्टर सांगतील तसं. ताप, जोराचे जुलाब किंवा कोरडा खोकला आणि दम लागला तर त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

सडेतोड

कावीळ, छातीचा एक्स-रे, दर महिन्याला रक्त... एवढं सगळं करायला लावणारं औषध 'सुरक्षित' कसं म्हणायचं? डॉक्टर लोक दुष्परिणामांचं बोलताना आवाज खाली करतात. माझ्या साडूंचं एसजीपीटी (यकृताचा आकडा) या औषधाने दुप्पट झालं होतं.

सांधेमित्र

सडेतोड, सुरक्षित म्हणजे 'काहीच होत नाही' असं मी म्हटलेलं नाही. यकृताचे आकडे वाढतात, अनेकांचे वाढतात. म्हणूनच तपासणी. साडूंचं वाढलेलं तपासणीत कळलं, मग बहुधा डोस कमी केला असेल किंवा काही काळ थांबवलं असेल?

सडेतोड

डोस कमी केला. आता नॉर्मल आहे. औषध चालू आहे. मान्य. पण रुग्णाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, आणि दहा मिनिटांच्या ओपीडीत ते होत नाही. नेत्राताईंच्या आईंना कुणी समजावून सांगितलं असतं तर पाकीट देव्हाऱ्याशेजारी राहिलं नसतं.

सांधेमित्र

यावर मी वाद घालणार नाही. बरोबर आहे.

वैद्य_रेवती

मी आयुर्वेदाची पदवीधर, साताऱ्यात प्रॅक्टिस करते. आमवाताचं, म्हणजे या आजाराशी जुळणाऱ्या दुखण्याचं, वर्णन माधवनिदान या जुन्या ग्रंथात आहे आणि सकाळी येणारी जखडण, सुजलेले सांधे, अग्निमांद्य हे सगळं आमच्या रोजच्या रुग्णांत दिसतं. सुंठ, एरंडतेल, गुग्गुळ कल्प, वालुका पोटली (गरम वाळूच्या पुरचुंडीचा शेक) यांनी लोकांना आराम मिळालेला मी पाहिला आहे. कोइमतूरला आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशा तीन गटांची तुलना करणारा दुहेरी अंध प्रयोगही (कोणाला काय दिलंय हे रुग्णालाही आणि तपासणाऱ्यालाही माहीत नसतं असा) झाला आहे, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तिन्ही गटांत साधारण सारखाच फायदा दिसला.

सडेतोड

तो मी वाचलाय. एकूण ४३ रुग्ण, ३६ आठवडे. तीन गटांत विभागले तर गटात किती उरतात? लेखकांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलंय. डॉक्टरांना प्रश्न विचारतो तसे वैद्यांनाही विचारणार.

वैद्य_रेवती

विचारा की. ४३ हा आकडा लहानच आहे, म्हणून मोठे अभ्यास व्हायला हवेत असं मलाही वाटतं. माझं म्हणणं पूर्ण करते. ज्या रुग्णाचं अँटी-सीसीपी एवढं वर आहे आणि बोटं सुजून काही महिने झाले आहेत, तिला मी स्वतः संधिवाततज्ज्ञांकडे पाठवते. हाड झिजायला लागलं तर ते माझ्या औषधाने भरून येत नाही. आहार, शेक, पोट साफ ठेवणं यात माझी मदत होते. आणि काकांच्या पुड्यांबद्दल कळकळीने सांगते: आठ दिवसांत पळायला लावणारी पुडी आयुर्वेदात नाही. अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. माझ्याकडे अशा बायका येतात, चेहरा चंद्रासारखा गोल, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ. पुडीत मात्रा किती हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे कमी कशी करायची हेही कळत नाही.

आणखी एक, मेथोट्रेक्सेट चालू असताना रोज गुळवेलीचा काढा स्वतःच्या मनाने घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. तो वाद बाजूला ठेवला तरी, ज्या औषधासाठी यकृत तपासतो आहोत त्याच्या जोडीला दुसरी शंका कशाला?

प्रतिभा_६८

रेवतीताई, मनापासून धन्यवाद. असं स्पष्ट लिहिणारे वैद्य हवेत.

जुनीपानं

थोडं अवांतर, पण 'कॅन्सरचं औषध' म्हणणाऱ्या मावशींना ही गोष्ट आवडेल. मेथोट्रेक्सेटच्या जन्मामागे भीमावरमचे यल्लप्रगडा सुब्बाराव आहेत. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखाली फॉलिक अ‍ॅसिडवर काम चाललं होतं आणि त्यातूनच त्याला अडवणारी रसायनं तयार झाली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवर अमिनोप्टेरिनचा परिणाम दाखवला, ते रसायन सुब्बारावांच्या गटाचं, मेथोट्रेक्सेट त्याचंच जवळचं भावंड. १९५१ मध्ये गब्नर नावाच्या डॉक्टरांना सांधेदुखीवर अमिनोप्टेरिनचा उपयोग दिसला, पण त्या काळात सगळ्यांचं लक्ष कॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे होतं, त्यामुळे ते मागे पडलं. १९८५ मध्ये मेथोट्रेक्सेटची नीट चाचणी झाली, १९८८ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. मधली तीस-पस्तीस वर्षं किती हातांची बोटं वाकली असतील!

कॉर्टिसोनची गोष्ट तर आणखी वेगळी. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांना दिसलं होतं की कावीळ झाली किंवा गरोदरपण आलं की या रुग्णांचे सांधे तात्पुरते बरे होतात. म्हणजे शरीरात असं काहीतरी तयार होतं जे सूज उतरवतं, या धाग्याने ते शोधत राहिले. १९४८ मध्ये पहिल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं, अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली, १९५० मध्ये नोबेल मिळालं. दीर्घकाळ जास्त मात्रेत दिल्यावर काय होतं ते पुढे कळलं.

गोमंतकन्या

गरोदरपणाचा विषय निघाला म्हणून विचारते. मी ३१ वर्षांची, म्हापशाला असते, आजार आहे आणि मेथोट्रेक्सेटवर उत्तम आहे. लग्न ठरलंय. सासरच्यांना सांगितलंय, त्यांनी समजून घेतलं. पण मूल हवं असेल तर काय?

सांधेमित्र

गोमंतकन्या, अभिनंदन. तुमचा प्रश्न लग्नाआधीच विचारलात हे फार चांगलं केलंत. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड (याच आजाराचं दुसरं औषध) गर्भाला घातक आहेत. ही चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही. मेथोट्रेक्सेट साधारण तीन महिने आधी थांबवतात. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळतं, ते घेत असाल तर कोलेस्टिरामिन देऊन बाहेर काढावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलझिन गरोदरपणात चालू ठेवता येतात, गरज पडली तर स्टेरॉइडची छोटी मात्रा आणि काही बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली) इंजेक्शनंही. बहुतेकींचे सांधे नऊ महिन्यांत शांत असतात, बाळंतपणानंतर मात्र आजार उसळू शकतो. तेव्हा डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा.

गोमंतकन्या

देव बरें करूं. आणि एक, बाबांना पण हाच आजार. ते संध्याकाळी थोडी फेणी घेतात. डॉक्टरांनी बंद म्हटलंय, ते ऐकत नाहीत.

लेस्टरकर

इथे २०१७ मध्ये मँचेस्टरच्या अभ्यासकांनी हजारो रुग्णांच्या नोंदी पाहून सांगितलं होतं की मेथोट्रेक्सेटसोबत आठवड्याला १४ युनिटपर्यंत (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) दारूने यकृताचे आकडे फारसे बिघडत नाहीत. पण ते मोजून घेणाऱ्यांसाठी. बाबांची 'थोडी' कोण मोजतं ते बघा.

गोमंतकन्या

आई मोजते. आता तिलाच हा धागा वाचून दाखवते.

मुक्ता_ठाणे

आमच्याकडे वेगळा प्रश्न आहे. मेथोट्रेक्सेट पूर्ण डोस, सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि लेफ्लुनोमाइड, तरी बहिणीचे सांधे सुजलेलेच. डॉक्टर आता बायोलॉजिक म्हणताहेत. खर्चाचा आकडा ऐकून घरात शांतता पसरली. कुणी घेतलंय का? आणि डास काय असतो, त्यांनी 'डास २८ पाच पॉइंट चार' असं लिहिलंय.

सांधेमित्र

डास-२८ म्हणजे २८ सांधे दाबून, सूज बघून, ईएसआर किंवा सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतं हे सगळं मिळून काढलेला आकडा. ईएसआर धरून काढला असेल तर ५.१ च्या वर म्हणजे आजार खूप सक्रिय, २.६ च्या खाली म्हणजे शांत. हल्ली उपचार या आकड्यावर चालतात: तीन महिन्यांत सुधारणा दिसली पाहिजे, सहा महिन्यांत ठरवलेल्या पातळीवर आलं पाहिजे, नाही आलं तर औषध बदला. 'चाललंय तसं चालू द्या' हे आता मान्य नाही.

बायोलॉजिकच्या आधी एक विचारून बघा. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्रिकूट दिलं होतं का? २०१३ मध्ये अमेरिकेत-कॅनडात ३५३ रुग्णांवर चाचणी झाली, मेथोट्रेक्सेटला एटॅनरसेप्ट या बायोलॉजिकची जोड देण्यापेक्षा हे स्वस्त त्रिकूट कमी ठरलं नाही. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण विचारण्यासारखं आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही.

निखिल_कोथरूड

मी अ‍ॅडालिमुमॅब घेतलंय, लिहितो.

टीएनएफ नावाचं रसायन या आजारात सूज पेटती ठेवतं. त्याला अडवलं की आजार खाली येतो हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवलं, त्यांना २००३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. यावरची औषधं म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, एटॅनरसेप्ट, अ‍ॅडालिमुमॅब वगैरे. त्याशिवाय वेगळ्या वाटेने जाणारी रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, अबाटासेप्ट.

खर्चाबद्दल: आपल्याकडे बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकसारखंच बनवलेलं औषध) आल्यापासून बरंच बदललं. झायडसने २०१४ च्या डिसेंबरात अ‍ॅडालिमुमॅबचं बायोसिमिलर आणलं, ते जगातलं पहिलं. मूळ औषधापेक्षा किंमत पुष्कळ खाली आली. तरीही मध्यमवर्गीय घराला महिन्याचा हप्ता वाटावा इतका खर्च येतोच. कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजना असतात, 'दोन घेतले की एक मोफत' अशा स्वरूपाच्या. डॉक्टरांच्या मदतनीसांना विचारा, ते सांगतात.

सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी अनिवार्य समजा. मॅन्टू किंवा रक्तातली इग्रा चाचणी आणि एक्स-रे. टीएनएफच क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवत असतं. ते अडवलं की वर्षानुवर्षं निद्रिस्त असलेला क्षय उठू शकतो. माझी इग्रा पॉझिटिव्ह आली, म्हणून आधी क्षयप्रतिबंधक औषध घेतलं, मग इंजेक्शन सुरू झालं. घाई करू नका, पण हे टाळूही नका.

माझ्यापुरतं सांगायचं तर पहिल्या काही इंजेक्शनांनंतर मी पुन्हा स्कूटरचा क्लच दाबू शकलो. पर्वतीच्या पायऱ्याही चढलो.

मुक्ता_ठाणे

विमा मिळतो का?

निखिल_कोथरूड

भांडून मिळतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढली आहे, त्यात इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत. शिरेतून सलाइनसारखं देतात ती औषधं डे-केअरमध्ये दिली तर दावा सहसा सोपा जातो. घरी स्वतः टोचायच्या पेनचा दावा नाकारतात असा अनुभव. पॉलिसीतली मर्यादा आधी वाचा. आणि एटॅनरसेप्ट हे तांत्रिक अर्थाने मोनोक्लोनल अँटिबॉडी नाही, त्यावरूनही अडवू शकतात, तेव्हा औषध ठरवतानाच विमा कंपनीकडून लेखी घ्या.

राही_अमरावती

इंजेक्शनऐवजी टोफासिटिनिबच्या गोळ्या आहेत ना? माझ्या दिराला त्यानेच फरक पडला. आता जेनेरिक मिळतं, बायोलॉजिकपेक्षा खूप स्वस्त पडतं.

सांधेमित्र

हो, आणि भारतात म्हणूनच ते भरपूर वापरलं जातं. काम लवकर करतं, हेही खरं. पण स्वस्त आहे आणि गोळी आहे म्हणून सौम्य समजू नका. पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यात टीएनएफ इंजेक्शनांच्या तुलनेत हृदयविकार आणि कॅन्सर थोडे जास्त दिसले. म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ठळक इशारा लावला. धूम्रपान करणारा, पासष्टीपुढचा, आधी हृदयविकार झालेला किंवा रक्ताची गुठळी झालेला रुग्ण असेल तर आधी दुसरं काही. नागीणही जास्त होते. क्षयाची तपासणी इथेही लागते.

राही_अमरावती

दीर चाळिशीचे आहेत, पण बिडी ओढतात. सांगते.

सांधेमित्र

आज सांगा. बिडी-सिगारेटने हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि झाल्यावर औषधं कमी लागू पडतात. ती सोडणं हाही उपचाराचाच भाग आहे.

खिचडीप्रेमी

मेव्हणीने सगळं वाचलं. तिचा प्रश्न: टोमॅटो, वांगी, दही बंद करायचं का? घरातले रोज एक पदार्थ कमी करताहेत, ती म्हणते आता ताटात फक्त मीठ उरलंय.

प्रतिभा_६८

मेव्हणीला म्हणावं ताट भर. मी सगळं खाते, वांग्याच्या भरीतासकट. एखाद्या पदार्थाने खरंच त्रास होत असेल तर तेवढा टाळावा. वजन आटोक्यात ठेवायचं, डाळी-भाज्या खायच्या. स्टेरॉइड चालू असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून. माझ्या जावेचं सगळं बंद केलं होतं, शेवटी हिमोग्लोबिन सातवर आलं. उपाशी ठेवून सांधे बरे होत नाहीत.

नेत्रा_मिरज

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री हा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. प्रतिभाताई, तुमच्या जावेचं ऐकून ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. मग म्हणाली, वार कोणता ठेवू? गुरुवारी तिचा उपास असतो, म्हणून रविवार रात्र ठरवलीय, जेवण झाल्यावर. रक्ताच्या सगळ्या तपासण्या झालेल्या आहेत, कावीळ निगेटिव्ह. काकांना पुड्यांचं सांगितलं, ते रेवतीताईंच्या उत्तरावर काही बोलले नाहीत, पण पुन्हा विषयही काढला नाही.

दोन शंका राहिल्यात. आईला मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात असतो. स्टेरॉइडचं काय? आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने डोळे जातात असं शेजारच्या बाई म्हणाल्या. २०२० मध्ये करोनाच्या वेळी हेच औषध गाजलं होतं ना?

औषधवाला_नाशिक

तेच. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ज्यांना काही झालं नव्हतं त्यांनी डबे भरून नेलं आणि माझ्या नेहमीच्या संधिवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णांना द्यायला माझ्याकडे पाकीट उरलं नव्हतं. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

सांधेमित्र

डोळ्यांचा धोका आहे, पण तो मात्रेवर आणि वर्षांवर अवलंबून आहे. वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत राहायचं. २०० मिलिग्रॅम ४० किलोच्या वरच्या माणसाला यात बसतं. सुरुवातीला, पहिल्या वर्षाच्या आत, एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा किंवा पडद्याचा आधीचा आजार असेल तर लवकर. मधुमेहामुळे काकूंचे डोळे दरवर्षी तपासायचेच आहेत, तेव्हा नेत्रतज्ज्ञांना या गोळीचं नाव सांगायचं.

स्टेरॉइडने साखर वाढेल, विशेषतः दुपारनंतर. मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवा, घरी साखर मोजत राहा. तीन महिन्यांच्या आत स्टेरॉइड कमी करत बंद व्हायला हवं. मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, उतरवतच आणायचं.

आणि जन्मभर का, हा पहिल्या पोस्टमधला प्रश्न राहिला होता. बहुतेकांना काहीतरी औषध दीर्घकाळ लागतं. आजार अनेक महिने पूर्ण शांत राहिला की मात्रा हळूहळू कमी करता येते. अजिबात बंद केलं तर पुष्कळांचा आजार परत येतो. जितक्या लवकर सुरुवात, तितकी कमी मात्रेवर राहण्याची शक्यता जास्त. काकूंना दिवाळीपासूनच त्रास आहे, म्हणजे वेळ अजून हातात आहे.

प्रतिभा_६८

नेत्रा, पहिल्या सोमवारी आईला घरकामातून सुट्टी दे. मळमळ झाली तर आलं-लिंबाचं पाचक चाटायला दे आणि पाणी भरपूर. झाली नाही तर उत्तमच.

मुक्ता_ठाणे

बहिणीला त्रिकुटाबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, लेफ्लुनोमाइड थांबवून सल्फासॅलझिन देऊन बघू, तीन महिने, मग पुन्हा डास काढू. इग्राही करून ठेवायला सांगितली आहे.

सडेतोड

लसींचं कुणी लिहिलं नाही. साडूंना फ्लू आणि न्यूमोनियाची लस दिली होती.

सांधेमित्र

बरं झालं आठवण केलीत. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकॉकलची घ्यावी. बायोलॉजिक किंवा टोफासिटिनिबवर असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या. नागिणीची नवी लस जिवंत जंतूंची नाही, ती भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी. दोन डोस असतात, महाग आहे. नेत्रा, जमल्यास काकूंच्या पुढच्या भेटीत विचारून घ्या.

नेत्रा_मिरज

कागदावर लिहून घेतलं. पुढची भेट चार आठवड्यांनी आहे, रक्ताच्या रिपोर्टसकट इथे कळवते.